संगीत नाटकाची तालीम आणि शाळेंतील मूल

हिवाळा आला कीं आपल्या शहरांतील शाळांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. वर्गांतील बांकें बाजूला सरकतात, कपाटांतली पेटी बाहेर निघते, आणि तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना एखाद्या संगीत नाटकाचा प्रवेश व त्यांतलीं दोनचार पदें शिकविण्याची खटपट सुरू होते. घरांतील वडील माणसांपैकीं कोणाला यांत अभ्यासाचा खोळंबा दिसतो, कोणाला मुलाचें कौतुक दिसतें. परंतु या वयाच्या मुलांना गाणें आणि नाट्य हीं एकत्र कशीं शिकवावीं, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. आपल्या संगीत रंगभूमीनें तो पन्नास वर्षें रोज हाताळला. त्या अनुभवाची जमेची बाजू आपणां सर्वांना पाठ आहे. खर्चाची बाजू मात्र फारशी कोणी वाचीत नाहीं. आज या दोन्ही बाजू आपणांपुढें मांडावयाच्या आहेत. कारण शाळेनें काय घ्यावें आणि काय टाकावें, याचें उत्तर त्या हिशेबांतच आहे.

आरंभींच एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मराठी संगीत नाटकाचें मूळ शोधीत गेलें तर तें एका शाळेपाशीं जाऊन पोंचतें. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३-१८८५) हे पुण्यास सरकारी कचेरींत लागण्यापूर्वीं बेळगांवास शिक्षक होते. आणि पुढें 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल (१८५५-१९१६) हे तेथील त्यांचे विद्यार्थी. ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला आणि १८८२ सालीं 'सौभद्र' आलें. या नव्या नाट्यप्रकाराची शिस्त बसविणारांत देवलांचा वांटा मोठा होता. ते नाटककार तर होतेच. पण नटवर्गाला त्यांची ओळख होती ती तालीम देणारे गुरु म्हणून. एका शिक्षकानें हें नाटक निर्माण केलें आणि त्याच्या विद्यार्थ्यानें तें शिकविलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पण शाळेशीं असलेला हा धागा लवकरच तुटला. नाटक मंडळ्या फिरत्या होत्या. आज पुणें, महिन्यानें इंदूर, मग बडोदें, वऱ्हाड, कर्नाटक. त्या काळीं स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. तेव्हां मंडळीला नेहमींच गोड गळ्याचीं, नाकींडोळीं नीटस अशीं कोवळ्या वयाचीं मुलें हवीं असत. तीं येत कोठून? बहुधा जेथें बाप लवकर गेला, घरची स्थिति बेताची, आणि देवानें गळा मात्र दिला, अशा घरांतून. केशवराव भोसले (१८९०-१९२१) यांचें उदाहरण सर्वश्रुत आहे. वडिलांच्या मागें हा मुलगा अगदीं लहान वयांत स्वदेशहितचिंतक नाटक मंडळींत आला आणि 'शारदे'च्या भूमिकेंत गाजला. सुस्थितींतील सुशिक्षित कुटुंब प्रयोगाला पुढच्या रांगेंत बसे, परंतु आपला मुलगा कंपनींत जाऊं देत नसे. ज्या पदांना तें कुटुंब डोलत असे, तीं गाणारें मूल दुसऱ्याचें असे.

आतां जमेची बाजू पाहूं. मंडळींत आलेल्या मुलाला जें शिक्षण मिळे, तें त्या काळच्या कोणत्याही संगीतशाळेंत मिळण्यासारखें नव्हतें. सकाळीं गळ्याची मेहनत. मग आपल्या भूमिकेचीं भाषणें व पदें ज्या कागदांवर उतरून दिलेलीं असत ती 'नक्कल' पाठ करणें. मग तालीम. तालमींत आधीं गद्य. कोणता शब्द कोठें तोडावयाचा, कोणाकडे पाहून बोलावयाचें, दुसरा बोलत असतां आपण काय करावयाचें, हें वारंवार घोटून घेत. पदही कागदावरून शिकवीत नसत. गुरूनें ओळ म्हणावी, मुलानें ती उचलावी; चुकली तर पुन्हां तीच ओळ. स्वरलिपीचा आधार नसल्यामुळें कान तीक्ष्ण होत आणि स्मरणशक्ति कमावली जाई. रात्रीं प्रयोग असला कीं लहान मुलानें पंखामागें, म्हणजे रंगमंचाच्या कडेला, उभें राहून मोठ्यांचें काम पाहावें. जें दिवसा सांगितलें, तें रात्रीं डोळ्यांसमोर घडत असे. शिकणें आणि पाहणें यांत बारा तासांचेंही अंतर नसे.

या तालमीचा गाभा एका सूक्ष्म गोष्टींत होता. नाटकांतलें पद हें मैफलींतल्या चिजेसारखें नसतें. पात्र बोलत बोलत अशा जागीं येतें कीं पुढें बोलणें अपुरें पडतें. तेथें पद सुरू होतें. म्हणून गद्याचा शेवटचा शब्द आणि पदाचा पहिला स्वर यांमधला सांधा दिसतां कामा नये. बोलण्याची पट्टी आणि गाण्याची पट्टी यांचें नातें जुळलें पाहिजे, आणि तान घेतांनाही चेहऱ्यावरचा प्रसंग सुटतां कामा नये. हें पुस्तकांतून शिकवितां येत नाहीं. अण्णासाहेबांच्या काळीं हें काम तुलनेनें सोपें होतें. 'शाकुंतलां'त सुमारें दोनशें पदें होतीं खरीं, परंतु तीं साकी, दिंडी अशा घरोघर परिचित चालींवर आणि आटोपशीर होतीं. कीर्तन ऐकत वाढलेलें मूल तीं सहज उचली. पुढें १९११ सालीं खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिल्या, १९१६ सालीं 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखले यांनीं दिल्या, आणि रागदारीचा भारदस्त ख्याल व ठुमरीचा नखरा रंगभूमीवर आला. पदांची संख्या घटली, पण प्रत्येक पदाचा भार वाढला. आतां मुलाला पद पाठ असून भागेना. त्याला राग कळावा लागे. म्हणून मंडळ्यांना थोर गवयी गुरु म्हणून लाभले. गंधर्व मंडळींत भास्करबुवा; केशवराव भोसल्यांना व त्यांच्या ललितकलादर्शाला रामकृष्णबुवा वझे. साथीला तबल्यावर थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे कलावंत असतां त्या वातावरणांत वावरणाऱ्या मुलाच्या कानांवर काय संस्कार होत असतील, याची कल्पनाच करावी.

फळेंही तशींच आलीं. नारायण श्रीपाद राजहंस हे १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत दाखल झाले तेव्हां त्यांचें वय सतरा. त्याच वर्षीं ते शकुंतलेच्या भूमिकेंत उभे राहिले, आणि बालगंधर्व हें नांव घराघरांत पोंचलें. केशवराव भोसल्यांनीं १९०८ च्या जानेवारींत हुबळीस ललितकलादर्श मंडळी काढली तीही सतराव्या वर्षीं. गोव्यांतील मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर चौदाव्या वर्षाच्या सुमारास किर्लोस्करांकडे आले आणि १९१८ सालीं चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनीं बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. ज्या वयांत आपलीं मुलें मॅट्रिकच्या परीक्षेच्या धास्तींत असत, त्या वयांत हीं मुलें हजार प्रेक्षकांना तासन् तास खिळवून ठेवीत आणि मंडळी चालवीत. हें पाहून कोणासही वाटेल कीं शिक्षण असावें तर असें.

येथेंच आपली फसगत होते. जीं नांवें आपण घेतों तीं तरलेल्यांचीं आहेत. शिक्षणपद्धतीची परीक्षा तरलेल्यांवरून करावयाची नसते. जीं मुलें मध्येंच गळलीं त्यांचें काय झालें, हें विचारावयाचें असतें. त्यांचीं नांवें नाट्येतिहासांत सांपडत नाहींत. पण त्या गळतीचें कारण आपणांस ठाऊक आहे, आणि तें प्रत्येक मुलाच्या गळ्यांतच बसलेलें असतें.

सामान्यतः बारा ते सोळा या वर्षांच्या दरम्यान मुलाचें स्वरयंत्र झपाट्यानें वाढतें. स्वरतंतु लांब व जाड होतात, आणि बोलण्यागाण्याचा स्वर सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. हा बदल एका रात्रींत होत नाहीं. कांहीं महिने, कधीं वर्षभरही, आवाजाचा भरंवसा नसतो. वरचा षड्ज लावावा तों मध्येंच घोगरा स्वर फुटतो. यालाच आपण आवाज फुटणें म्हणतों. मुलींचाही आवाज या वयांत बदलतो, परंतु तो दोनतीन स्वरांनींच उतरत असल्यामुळें त्याचा गाजावाजा होत नाहीं. अशा वेळीं गळ्याला विश्रांति द्यावी, मधल्या सप्तकांत हलक्या आवाजांत थोडेंच गावें, आणि नवा आवाज कोठें स्थिर होतो याची वाट पाहावी, हा शहाणपणाचा मार्ग. पण नाटक मंडळीला वाट पाहावयास वेळ कोठला? शनिवारची जाहिरात लागलेली आणि तिकिटें विकलेलीं. उंच पट्टींतला गोड आवाज हेंच त्या मुलाचें मंडळींतलें मोल. तोच गेला कीं मोलही गेलें.

याचा सर्वांत बोलका दाखला खुद्द भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांचा आहे. पुढें महाराष्ट्रानें ज्यांना गायनाचार्य म्हणून मानलें, ते लहानपणीं किर्लोस्कर मंडळींत बालनट होते. 'रामराज्यवियोगां'तील त्यांच्या कैकेयीचें गाणें ऐकून बीनकार बंदेअलीखां प्रसन्न झाले, असें सांगतात. पण वय वाढलें, आवाज फुटला, आणि रंगभूमीवरचें त्यांचें स्थान संपलें. हा मुलगा तेथेंच हरवला असता तर त्याचें नांव कोणाला कळलें नसतें. पण तो बडोद्यास फैजमहंमदखां यांच्यापाशीं गेला, पुढें नत्थनखां व अल्लादियाखां यांच्यापाशीं शिकला, आणि वर्षानुवर्षांच्या मेहनतीनें नव्या आवाजांतून नवें गाणें उभें केलें. १९११ सालीं त्यांनीं पुण्यांत भारत गायन समाजाचा पाया घातला. आणि १९१६ सालीं 'स्वयंवरा'च्या चाली देण्यासाठीं ते पुन्हां नाटकाकडे वळले तेव्हां ते गुरु होते. ज्या रंगभूमीनें आवाज फुटल्यावर त्यांना ठेवलें नाहीं, तिलाच त्यांनीं तिचें सर्वांत समृद्ध संगीत दिलें. हा त्यांचा मोठेपणा झाला. परंतु त्यावरून मंडळीची पद्धति बरोबर ठरत नाहीं. उलट असें ठरतें कीं त्या पद्धतींत फुटलेल्या आवाजासाठीं जागाच नव्हती. ज्याला स्वतःच्या हिंमतीवर दुसरीकडे गुरु मिळाला तो वांचला. भास्करबुवांनीं स्वतः मात्र निराळा पाठ घेतला असावा. नाट्यकलाप्रवर्तक मंडळींत बालनट म्हणून गाजलेले कृष्णराव फुलंब्रीकर त्यांच्याकडे आले, तेव्हां त्यांनीं या मुलाला वर्षानुवर्षें जवळ ठेवून गवयी म्हणून घडविलें. मास्तर कृष्णराव पुढें गंधर्व मंडळीचे गायकनट आणि संगीतरचनाकार झाले, ते या दुसऱ्या शिक्षणामुळें.

खर्चाच्या बाजूला आणखी तीन रकमा आहेत. पहिली, सामान्य शिक्षणाची. फिरत्या बिऱ्हाडांत शाळा संभवत नव्हती. मूल नक्कल वाचण्यापुरतें वाचावयास शिके. पण नाटक सोडून दुसरा कोणताही दरवाजा त्याच्यासाठीं उघडा राहत नसे. दुसरी, जागरणाची. त्या काळचीं नाटकें रात्रीं सुरू होत आणि पहांटेच्या सुमारास संपत. त्यांत प्रेक्षकांचा 'वन्समोअर'. एखादें पद रंगलें कीं तें दोनदां, तीनदां, कधीं त्याहूनही अधिक वेळां म्हणावें लागे. टाळ्या वाजविणाऱ्या रसिकाच्या मनांत हा विचार क्वचितच येत असेल कीं आपण पंधरा वर्षांच्या मुलाच्या गळ्याला पहांटे तीन वाजतां पुन्हां एकदां पिळतों आहों. कौतुकाचाही जुलूम होतो, तो असा.

तिसरी रक्कम मुलींची. घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांतील मुलींना हें शिक्षण मिळालेंच नाहीं. सुभद्रा, शारदा, भामिनी, रुक्मिणी या सर्व नायिका मुलगे आणि पुरुष शिकले. ज्यांच्या जीवनाचीं तीं चित्रें होतीं त्या मुली प्रेक्षागृहांत, तेंही निराळ्या जागीं, बसल्या. हिराबाई बडोदेकरांनीं रंगभूमीवर पाऊल टाकलें आणि १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हां कोठें हा दरवाजा मोकळा होऊं लागला. पण तोंपर्यंत बोलपट आला होता. १९३१ सालीं 'आलम आरा' आणि १९३२ सालीं मराठींत 'अयोध्येचा राजा' आल्यानंतर फिरत्या मंडळ्या एकामागून एक खचल्या. ज्या ठिकाणीं चौदा वर्षांच्या मुलाला गाणें आणि अभिनय एकत्र शिकतां येत असे, तें ठिकाणच नाहींसें झालें.

याच काळांत हिंदुस्थानांत दुसऱ्या एका ठिकाणीं हाच विषय अगदीं निराळ्या हेतूनें शिकविला जात होता. तुलनेसाठीं आपण बंगालकडे वळूं. रवींद्रनाथ ठाकुरांनीं १९०१ च्या डिसेंबरांत शांतिनिकेतनास मुलांची शाळा काढली. तेथें दर ऋतूला उत्सव, आणि उत्सवाला गीतांनीं भरलेलें नाटक. १९०८ सालीं त्यांनीं 'शारदोत्सव' लिहिलें तें शाळेंतील मुलांसाठींच. त्या नाटकाची रचना शिक्षकाच्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. शाळा मुलग्यांची होती. म्हणून त्यांत स्त्रीपात्रच नाहीं. गाणाऱ्या मुलांचा मेळा आहे. म्हणून एकट्या मुलाच्या गळ्यावर सारा भार येत नाहीं. अनुभवी, वयस्क भूमिका आहे ती संन्याशाची. ती स्वतः कवीनें केली. आपल्याकडे नाटक आधीं ठरे आणि त्याला साजेसें मूल शोधून आणीत. तेथें मुलें आधीं होतीं आणि त्यांना साजेसें नाटक लिहिलें गेलें. भेद एवढाच, पण सगळा भेद एवढ्यांत आला.

शिकविण्याची रीतही पाहावी. गीतें दिनेंद्रनाथ ठाकूर शिकवीत. रवींद्रनाथांच्या असंख्य चाली त्यांनीं कानांत सांठविल्या आणि स्वरलिपींत उतरून ठेविल्या. तालमी आश्रमांत सर्वांसमक्ष होत. ज्यांना भूमिका नाहीं तीं मुलेंही भोंवतालीं बसत, आणि प्रयोगाच्या दिवसापर्यंत साऱ्या आश्रमाला नाटकांतलीं गाणीं येत असत. महाराष्ट्रीय गायक पंडित भीमरावशास्त्री हेही तेथें संगीत शिकवीत, ही आपणांस अभिमानाची गोष्ट. १९१५ सालीं 'फाल्गुनी' आश्रमांत झालें, आणि १९१६ च्या आरंभीं बांकुडा जिल्ह्यांतील दुष्काळपीडितांच्या मदतीसाठीं तें कलकत्त्यास करून दाखविण्यांत आलें. विद्यार्थी रंगमंचावर आले ते कोणाच्या पोटासाठीं गल्ला भरावयास नव्हे, तर उपाशी माणसांसाठीं.

मुलींविषयींही तेंच धोरण. १९२६ सालीं 'नटीर पूजा' हें नाटक आलें तें मुलींसाठीं, आणि मूळ नाटकांतील सर्व पात्रें स्त्रियांचीं. बुद्धाच्या स्तूपापुढें पूजा करण्यास बंदी असतां एक राजनर्तकी आपलें नृत्य हीच पूजा म्हणून अर्पण करते, असें तें कथानक. नर्तकीची मुख्य भूमिका चित्रकार नंदलाल बसु यांच्या कन्येनें केली. सभ्य घरच्या मुलीनें नृत्य करणें त्या वेळीं कलकत्त्यास साधी गोष्ट नव्हती. १९२७ सालीं तेथें प्रयोग करावयाचा ठरला तेव्हां रवींद्रनाथांनीं नाटकांत भिक्षु उपालीचें पात्र नव्यानें घातलें आणि पासष्टी उलटलेला हा कवि स्वतः त्या भूमिकेंत रंगमंचावर आला. लोकांचे बोल ऐकण्याची पाळी आली तर मुली एकट्या नसाव्यात, हा त्यांतला आशय. शिक्षकानें विद्यार्थ्याच्या पाठीशीं उभें राहणें म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा कोणता असूं शकेल?

तथापि न्याय दोन्ही पक्षांना द्यावयास हवा. शांतिनिकेतनांतील मुलांचें सामुदायिक गाणें गोड असलें तरी बालगंधर्वांच्या किंवा दीनानाथांच्या गाण्यासारखी पल्लेदार, एकट्यानें तासभर पेलावयाची गायकी त्यांना शिकवावयाची नव्हतीच. शिवाय तेथें शाळेच्या घरींच महाकवि होता. प्रत्येक हायस्कुलाला तो कोठून मिळणार? उलट मराठी मंडळीची तालीम कोणत्याही चांगल्या गुरूला देतां येण्यासारखी होती. गद्याच्या अर्थापासून सुरुवात, कानावरून शिक्षण, सांधा न दिसूं देण्याचा आग्रह, मोठ्यांचें काम जवळून पाहण्याची संधि, हीं त्या पद्धतीचीं अंगें बावनकशी सोन्याचीं आहेत. दोष पद्धतींत नव्हता, हेतूंत होता. तेथें मूल नाटकासाठीं होतें. शांतिनिकेतनांत नाटक मुलासाठीं होतें.

हे दोन प्रवाह आपल्याकडेही एकदां अगदीं जवळ आले होते. दामुअण्णा जोशी यांच्या बालमोहन मंडळीनें १९३३ सालीं 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर आणलें. त्या मंडळींत दहा वर्षांच्या सुमारास दाखल झालेले सौदागर गोरे, म्हणजेच छोटा गंधर्व, त्या वेळीं पंधरा वर्षांचे होते. आणि नाटक लिहिणारे प्रल्हाद केशव अत्रे हे कोण? पुण्यांतील कॅम्प भागांतल्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक, लंडनहून अध्यापनशास्त्राची पदविका घेऊन आलेले. दिवसा ते ज्या वयाच्या मुलांना शाळेंत शिकवीत, त्याच वयाची मुलें रात्रीं त्यांच्या नाटकांतून रंगभूमीवर येत. किर्लोस्कर-देवलांपासून तुटलेला शाळेचा धागा येथें क्षणभर पुन्हां रंगभूमीच्या हातीं लागला. पण तोवर मंडळ्यांचे दिवस भरत आले होते. तो धागा विणला जाऊन वस्त्र झालें नाहीं.

तें वस्त्र विणण्याचें काम आतां शाळेचेंच आहे. आणि त्यासाठीं मोठ्या भांडवलाची गरज नाहीं. शिक्षकानें नाटक निवडण्यापूर्वीं वर्गांतले आवाज ऐकावेत. कोणाचा गळा कोणत्या पट्टींत आरामांत चालतो हें पाहून पदाची पट्टी ठरवावी. थोर नटानें जी पट्टी लावली तीच लावण्याचा हट्ट धरूं नये. ज्या मुलाचा आवाज फुटतो आहे त्याला घरीं पाठवूं नये. त्याला गद्य भूमिका द्यावी, ताल धरावयास द्यावा, सूत्रधाराच्या मदतीला उभें करावें, आणि हें तात्पुरतें आहे असें त्याला स्पष्ट सांगावें. या वयाच्या मुलाला आपल्या आवाजाची लाज वाटूं लागली तर तो पुन्हां आयुष्यांत गाण्याकडे वळत नाहीं. एकाच मुलाकडे दहा पदें न देतां तीं वांटून द्यावींत, आणि नांदी व भरतवाक्य साऱ्या वर्गानें म्हणावें. प्रयोग रात्रीं नवाच्या आंत संपवावा. आणि प्रेक्षागृहांत बसणाऱ्या आपण वडील माणसांनींही एक पथ्य पाळावें. पद कितीही रंगलें तरी पुन्हां म्हणावयास लावूं नये. टाळ्या वाजवाव्यात आणि मुलाला पुढच्या प्रवेशाकडे जाऊं द्यावें.

असें केल्यानें शाळेंतून बालगंधर्व निघतील काय? बहुधा नाहींत, आणि तें शाळेचें कामही नव्हे. शाळेंतून असा तरुण निघावा कीं ज्याला पद कोठें सुरू होतें आणि कां सुरू होतें हें कळतें, ज्यानें एकदां तरी दुसऱ्याच्या सुरांत आपला सूर मिळविला आहे, आणि ज्याचा गळा व अभ्यास दोन्हीं शाबूत आहेत. आपल्या संगीत रंगभूमीनें जें वैभव दाखविलें, त्याची किंमत कोवळ्या मुलांनीं मोजली. त्या ऋणाची फेड करण्याचा एकच मार्ग दिसतो. त्यांना जी तालीम मिळाली ती आपल्या मुलामुलींना द्यावी; आणि त्यांना जी किंमत द्यावी लागली ती मात्र कोणाही मुलाकडून पुन्हां घेऊं नये.